एका उन्हाळ्यात डॅशकॅम संपवण्याची सोपी पद्धत

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. ज्यांचे दोन-तीन डॅशकॅम आधीच उन्हाने खाल्ले आहेत, त्यांना यात नवे काही सापडणार नाही. त्यांनी फार तर आमच्या चुका काढाव्यात. प्रयोगाचे ठिकाण नागपूर. अकोला, वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरी इथल्या वाचकांनी कृतीत काहीही बदल करायची गरज नाही. पुण्याच्या वाचकांना कदाचित एकाऐवजी दोन उन्हाळे लागतील. त्यांनी धीर सोडू नये.

उद्दिष्ट असे: गुढीपाडव्याला गाडीत बसवलेला, उत्तम चालणारा कॅमेरा मृग लागायच्या आत निकामी करायचा. आपटायचा नाही, पाण्यात बुडवायचा नाही, पोराच्या हातात द्यायचा नाही. गाडी लावायची, कुलूप करायचे आणि ऑफिसात जाऊन बसायचे. बाकीचे काम विदर्भ करतो.

थोडा इतिहास ठाऊक असलेला बरा. डॅशकॅमचे नाव जगभर झाले ते रशियामुळे. १५ फेब्रुवारी २०१३ ला चेल्याबिन्स्क शहराच्या आकाशात उल्का फुटली आणि रस्त्यावरच्या कितीतरी गाड्यांनी ती आपसूक टिपली. शास्त्रज्ञांनी पुढे त्याच चित्रणांवरून ती उल्का कुठून आली असावी याची कक्षा मांडली. महिना फेब्रुवारी, जागा उरल पर्वताच्या पायथ्याशी, रस्त्याकडेला बर्फ. हे यंत्र अशा हवेत नावारूपाला आले, एवढे लक्षात ठेवले की पुढचा सगळा विषय सोपा जातो.

खरेदी

खोक्याच्या मागे, जिथे कोणी वाचत नाही तिथे, तापमानाच्या दोन ओळी असतात. एक कॅमेरा चालवण्याचे तापमान सांगते, दुसरी तो नुसता ठेवून देण्याचे. दुसरा आकडा मोठा असतो. नवशिक्याने तोच वाचावा. ‘७० अंशांपर्यंत’ दिसले की पैसे द्यावेत. ते ७० बंद पडून असलेल्या कॅमेऱ्याचे आहेत आणि चालू कॅमेऱ्यासाठी वरच्या ओळीत ५० छापले आहे, हे घरी गेल्यावर चष्मा लावून वाचायला राखून ठेवावे.

आता आतले प्रकरण. गाडीची वीज तुटल्यावर कॅमेऱ्याला काही सेकंदांपुरती स्वतःची वीज लागते. सुरू असलेली फाइल नीट बंद करायची, कार्डावर लिहायची आणि झोपायचे, इतक्यापुरतीच. पण हेच त्याच्या आयुष्यातले सर्वांत मोलाचे सेकंद आहेत. जोरदार धडकेत वीज तुटते ती नेमकी त्याच घडीला, आणि पुढे पोलिसांना, विमा कंपनीला दाखवायची असते तीही हीच शेवटची फाइल. ही वीज साठवायचे दोन मार्ग आहेत: मोबाइलमध्ये असते तशी, पण अगदी छोटी लिथियम बॅटरी, किंवा सुपरकपॅसिटर. साध्या लिथियम सेलच्या माहितीपत्रकात बहुधा लिहिलेले असते की ४५ अंशांच्या वर चार्ज करू नका आणि ६० च्या वर वापरू नका. सुपरकपॅसिटर सहसा ६५-७० पर्यंत निभावून नेतात, काही ८५ पर्यंत. त्यांच्यात रासायनिक क्रिया जवळपास नसतेच. विजेचा भार पृष्ठभागावर बसतो आणि उठून जातो. बिघडायला त्यामुळे कमी जागा. आपले उद्दिष्ट पाहता लिथियमवालाच घ्यावा. तो स्वस्तही पडतो, आणि दुकानदारही तोच पुढे करतो.

‘भाऊ, यात बॅटरी आहे का कपॅसिटर?’

‘सगळंच हाय त्यात.’

‘अन् उन्हात चालते का?’

‘काहून नाही चालत? माह्या गाडीत दोन वर्सापासून लावून हाय ना.’

त्याची गाडी दिवसभर कॉम्प्लेक्सच्या तळघरात उभी असते. हे विचारू नये.

सावधान: खोक्यावर ‘कपॅसिटर’ हा शब्द स्पष्ट छापलेला असेल, तर कॅमेरा वाचण्याचा धोका आहे. तसा निघालाच तर खचून जाऊ नका. कपॅसिटरांबाबतचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. म्हणजे मार्ग लांबचा आहे, बंद नाही.

तापमानांची ओळख

मे महिन्यात नागपुरात एकाच वेळी तीन तापमाने नांदतात आणि नवशिक्याला त्यातले एकच माहीत असते.

पहिले पेपरातले. हवामान खाते हवा मोजते ती सावलीत, पांढऱ्या झडपांच्या हवेशीर पेटीत, जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर. त्या पेटीने दाखवलेला नागपूरचा उच्चांक म्हणजे २३ मे २०१३ चे ४७.९ अंश. देशाचा उच्चांक राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६ चा, ५१ अंश. मे २०२४ च्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातम्या झाल्या, आणि हवामान खात्याने यंत्राचा दोष म्हणून तो आकडा बाजूला काढला. इथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखे आहे. खास तापमान मोजण्यासाठी बनवलेले, मोकळ्या हवेत बसवलेले सरकारी यंत्र. उन्हाने त्याची ही गत, तर चार हजारांत मिळालेल्या, काचेमागे चिकटवलेल्या कॅमेऱ्याकडून आपण निदान तेवढ्या गोंधळाची अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

दुसरे तापमान गाडीच्या आतले. याचा चांगला हिशेब अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. टेम्पी गावात, बाहेर ३८ अंशांच्या वर पारा असताना, त्यांनी एकसारख्या गाड्यांच्या जोड्या घेतल्या आणि काही उन्हात, काही सावलीत उभ्या केल्या. तासाभरात उन्हातल्या गाडीतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली, स्टिअरिंग ५३ वर, सीट ५१ वर, आणि डॅशबोर्ड ६९ वर. सावलीतल्या गाडीचा डॅशबोर्ड ४८ वर थांबला. वाचकांनी दोन गोष्टी टिपून घ्याव्यात. त्यांच्या सगळ्या गाड्या चंदेरी होत्या. तुमची बहुधा काळी आहे, कारण काळी उठून दिसते. आणि त्यांच्या प्रयोगाला ३८ च्या वरचा पारा पुरला. मेच्या मध्यात नागपुरात दुपारी ३८ झाले, तर लोक स्वेटर कुठे ठेवले ते आठवू लागतात.

असे का होते, तर काचेमुळे. दुपारच्या थेट उन्हात चौरस मीटरमागे साधारण १००० वॉट ऊर्जा येते, म्हणजे समोरच्या काचेतून जणू एक इस्त्री दिवसभर आत चालू ठेवलेली. काच सूर्याचा प्रकाश आत सोडते. काळे प्लास्टिक तो पिते, तापते आणि लांब लहरींची उष्णता बाहेर टाकू पाहते. ती मात्र काच जाऊ देत नाही. तापलेल्या हवेलाही वाट नसते. काच बोटभर खाली ठेवून काम भागेल असे वाटणाऱ्यांसाठी: २००५ मध्ये तेही मोजून झाले आहे. दीडेक इंच फटीने आतल्या तापमानात फारसा फरक पडला नाही, आणि एकूण जी वाढ व्हायची तिच्यातली बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच होऊन गेली. ‘पाच मिनिटांत आलो’ म्हणून बँकेत जाणारे खरे तर प्रयोगाचा मुख्य भाग उरकून परततात.

काचेला काळी फिल्म लावून सुटका करून घेऊ म्हणाल, तर मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. कायदाही असा आपल्याच बाजूने उभा आहे. एक उपद्व्यापी अपवाद: सूर्याच्या ऊर्जेतला निम्म्याच्या आसपास वाटा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो, आणि तेवढाच अडवून प्रकाश आत सोडणाऱ्या काचाही निघाल्या आहेत. तुमच्या गाडीला तशी काच असेल तर हा प्रयोग शेजाऱ्याच्या गाडीत करावा.

तिसरे तापमान कॅमेऱ्याच्या पोटातले. सेन्सर आणि प्रोसेसर चालू असतात तेव्हा तो स्वतःही तापतो. भोवतालच्या हवेत उष्णता सोडून थंड व्हायचे अशी त्याची रचना, आणि भोवतालची हवा ही अशी. जितके जास्त रिझोल्यूशन, जितक्या जास्त फ्रेम, तितकी आत आच जास्त. फोर-के घ्यावा.

चिकटवण्याची जागा

सर्वांत उत्तम जागा आरशाच्या बाजूची काळ्या ठिपक्यांची पट्टी. काळी असल्याने ती काचेच्या बाकी भागापेक्षा जास्त तापते, आणि ठिपक्यांमुळे तिथे दुहेरी टेपला सपाट पकड मिळत नाही. एका दुपारी कॅमेरा गिअरवर पडलेला सापडतो आणि दिवसभराचे चित्रण म्हणजे छताचे अस्तर. रबरी चोषक असेल तर एवढी वाटही पाहावी लागत नाही. चोषकवाल्या कॅमेऱ्याचा मात्र एक दोष आहे: तो काढून खिशात घालून नेता येतो. काही मंडळी खरोखरच तसे करतात, आणि त्यांचे कॅमेरे वर्षानुवर्षे चालतात. अशांना आमच्या मार्गदर्शिकेचा काही उपयोग नाही.

गाडी लावणे

हा या शास्त्राचा गाभा आहे. इथे घाई नको.

सकाळी नऊला ऑफिसच्या आवारात पोचल्यावर कडुलिंबाखाली दाट सावली दिसते. नवशिका तिथे गाडी लावतो आणि खूश होऊन वर जातो. सावली ही नऊची असते. सूर्य सरकतो, सावली सरकते, आणि गाडी हँडब्रेकवर असते. साडेअकराला ती सावली शेजारच्या लेखा विभागाच्या स्कूटरवर असते. अनुभवी मंडळी नऊ वाजता मुद्दाम रणरणत्या उन्हात गाडी लावतात, दोन वाजता सावली कुठे पडेल हे मनात मोजून. बाहेरून पाहणाऱ्याला तो माणूस वेडा वाटतो. आवारातली असली जागा ही वतनदारी असते. ज्याला ती दिली आहे तो निवृत्त झाल्यावर तिच्यासाठी जे राजकारण होते, तसे बढतीसाठीही होत नाही.

२६ मेच्या सुमारास तर हा सगळा हिशेबच कोलमडतो. नागपूर २१ अंश अक्षांशाच्या जरा वर आहे. त्या दिवशी बाराच्या पुढे दहा-अकरा मिनिटांनी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशी नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस. जुलैच्या मध्यानंतर असाच दुसरा दिवस येतो, तो बहुतेक ढगांत हरवतो. मेमधला मात्र नवतप्याच्या ऐन तोंडावर उगवतो. त्या दिवशी इमारतीची भिंत तुम्हाला काही देत नाही. झाडच काय ते देते, तेही बुंध्याला खेटून गाडी लावली तर. मग वरून लिंबोळ्या पडतात आणि कावळे आपले काम करतात. म्हणजे गाडी धुवायची की कॅमेरा वाचवायचा, एवढाच प्रश्न उरतो. बहुतेक गाडीवाले गाडीच्या बाजूने मत देतात, म्हणून आम्ही आशावादी आहोत.

गाडीचे तोंड कुठे करावे? मेच्या दुपारी सूर्य पश्चिमेला, आणि थोडा उत्तरेकडेही झुकलेला असतो. हवाही दुपारी दोन ते पाच याच वेळात सर्वाधिक तापते. तेव्हा तोंड पश्चिमेला करावे: तिरप्या काचेवर उतरते ऊन थेट येते आणि कॅमेऱ्याच्या पुढ्यात सूर्य असतो. पूर्वेकडे तोंड करून लावल्यास दुपारचा मारा मागच्या काचेवर जातो. पुढचा कॅमेरा वाचतो, मागचा भाजतो. तुमच्याकडे पुढे-मागे असे दोन कॅमेरे असतील तर त्यातला कोण जास्त प्रिय हे ठरवून टाकावे.

पत्र्याच्या शेडबद्दल फार जणांना गैरसमज आहे. ती थेट ऊन अडवते हे खरे. पण दुपारी पत्रा स्वतःच तापून खाली उष्णता ओतू लागतो. तरी ती उन्हापेक्षा बरी, म्हणून टाळावी.

पार्किंग मोड

आता प्रगत भाग. उभ्या गाडीला कोणी ठोकून गेला, कोणी ओरखडा काढला तर ते टिपले जावे म्हणून कॅमेरा गाडी बंद असतानाही जागा राहतो, त्याला पार्किंग मोड म्हणतात. आतल्या छोट्या बॅटरीवर हे जमत नाही. फ्यूज बॉक्समधून तीन वायरींचा हार्डवायर किट ओढावा लागतो: एक कायम चालू, एक चावीबरोबर चालू, एक अर्थिंगची. या सोयीने आपला प्रयोग कमालीचा वेगवान होतो. एरवी बंद पडून नुसता तापणारा कॅमेरा आता चालू राहून तापतो. खोक्यावरच्या दोन ओळींतली लहान आकड्याची ओळ आता लागू होते, आणि तीही सर्वांत वाईट वेळी.

यातही प्रकार आहेत. ‘सतत चित्रण’ सर्वांत परिणामकारक. ‘हालचाल दिसल्यास चित्रण’ हा कडुलिंबाखाली लावणाऱ्यांनी निवडावा: फांदी हलली की कॅमेरा जागा होतो, कुत्रे चाकाशी येऊन बसले की जागा होतो, आणि संध्याकाळी तुमच्याकडे पानांच्या सावल्यांचे काही तासांचे चित्रण असते. ‘धक्का बसल्यासच चित्रण’ मात्र लावू नये. त्यात कॅमेरा जवळजवळ झोपलेला असतो, फक्त धक्क्याचा सेन्सर जागा. अशाने तो तापत नाही. सेकंदाला एखादीच फ्रेम घेणारा टाइमलॅप्सही चित्रणाचे काम हलके करून टाकतो.

गाडीच्या बॅटरीचाही विचार करावा, म्हणजे जोडीला तीही जाईल. पार्किंग मोडला साधारण पाव ते अर्धा अँपिअर लागतो. नऊ तासांच्या ऑफिसला त्यात काही विशेष नाही. पण चार दिवस लग्नाला ट्रेनने गेलात आणि गाडी बाहेर राहिली, तर छोट्या गाडीच्या ३५-४० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा मोठा भाग कॅमेराच पिऊन टाकतो. यासाठी किटवर व्होल्टेजची मर्यादा ठरवायची सोय असते: १२ किंवा १२.२ व्होल्टच्या खाली गेले की कॅमेरा आपण होऊन बंद. भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असते. नवशिक्याने सर्वांत खालची मर्यादा निवडावी. शिशाच्या बॅटरीलाही उन्हाळा मानवत नाहीच. तिला थोडी मदत केली की पुरते.

आणि एक क्षण विसरू नये. सगळे दुपारला घाबरतात, पण लिथियमवाल्याचा खरा काळ संध्याकाळी सहाचा. तुम्ही येता, चावी फिरवता. दिवसभर साठच्या घरात तापून बसलेल्या सेलमध्ये त्याच मिनिटाला वीज भरायला सुरुवात होते. ४५ च्या वर चार्ज करू नका हे जे लिहिले होते, ते नेमके याबद्दल. दारे उघडी टाकून गरम हवा निघून जाऊ दिली, कॅमेऱ्याची पिन पाचेक मिनिटे काढून ठेवली, तर हा क्षण वाया जातो.

सनशेड

चंदेरी सनशेड जरूर लावावा. स्टिअरिंगला हात लागतो, सीट बसण्याजोगी होते, घरचे कौतुक करतात. कॅमेरा मात्र काच आणि सनशेड यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत सापडतो. समोरून ऊन, मागून त्याच उन्हाचा परावर्तित हप्ता, आणि हवा खेळायला जागा नाही. गाडीला वाचवणारा उपाय कॅमेऱ्याला मारतो, हे सौंदर्य क्वचितच पाहायला मिळते. काहीजण सनशेडला कात्रीने खाच पाडून कॅमेरा आतल्या बाजूला घेतात, किंवा काचेवर बाहेरूनच कापड टाकतात. बाहेरून टाकलेले कापड ऊन काचेपर्यंत पोचूच देत नाही, म्हणून ते सर्वांत घातक. आमच्या दृष्टीने.

कार्ड

मेमरी कार्ड बरेच सोसते. पुष्कळ कार्डांवर ८५ अंशांपर्यंतचा दावा असतो. पण तेच ते कार्ड दिवसरात्र पुसून लिहायचे आणि वर उष्णता, याने आतले सेल थकतात. सतत चित्रणासाठी वेगळी, जास्त टिकाऊ कार्डे मिळतात, ती घेऊ नयेत. जुन्या मोबाइलमधले घालावे. कार्ड मरते तेव्हा आवाज करत नाही. लाल दिवा लुकलुकत राहतो आणि आपल्याला वाटते, चाललेय. महिन्यातून एकदा कार्ड काढून एखादी फाइल खरोखर चालवून पाहणारे लोक फार थोडे, त्यांची काळजी करू नये.

प्रगतीची लक्षणे

पहिल्या आठवड्यांत पडदा दुपारी काळा पडतो आणि एसी लागल्यावर परत येतो. हे नुसते द्रव स्फटिकांचे तापणे आहे, फार आशा धरू नका. मग कॅमेरा एका बाईच्या अत्यंत सभ्य इंग्रजीत तापमान जास्त असल्याचे कळवून स्वतः बंद होतो. हा त्याचा शहाणपणा. स्वस्त कॅमेऱ्यांत तो नसतो. चित्राच्या कडा पुसट होऊ लागल्या तर भिंगाची बैठक उष्णतेने सरकली असे समजावे.

खरी बातमी घड्याळ देते. आतली बॅटरी गेली की गाडी सुरू करताना दर वेळी तारीख मागे जाऊन एखाद्या जुन्या वर्षाच्या १ जानेवारीवर येते. मे महिन्यात तुम्हाला कोणी ठोकले, तर पुराव्यावर जानेवारी दिसेल, आणि समोरचा वकील त्या दिवशी आपले अशील केरळात होते असे सांगेल. सोबत शेवटची फाइल उघडत नाही. म्हणजे कॅमेरा अजून चालतो आहे, चित्र सुंदर येते आहे, फक्त ज्या कामासाठी घेतला ते एक काम तो करत नाही. इथे नवशिका आणि उस्ताद यांच्यातला फरक संपला.

फुगलेली बॅटरी

इथे थट्टा थांबवतो. कॅमेऱ्याच्या पाठीचा सांधा उघडलेला दिसला, झाकण वर आलेले दिसले, तर आत वायू साठून लिथियम सेल फुगली आहे. तो कॅमेरा लगेच बंद करून गाडीतून काढा. पुन्हा चार्जिंगला लावून पाहू नका. झाकण दाबून बसवू नका, सुईने टोचू नका, फ्रिजमध्ये ठेवू नका. जळण्यासारख्या वस्तूंपासून दूर, मोकळ्या जागी, सावलीत ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर द्या. २०२२ च्या नियमांप्रमाणे बॅटऱ्या बनवणाऱ्यांवर त्या परत गोळा करायची जबाबदारी आहे. घंटागाडीत टाकू नका. तिथे बॅटरी दाबली जाते, आणि घंटागाडीवर माणसे असतात.

नेहमीचे प्रश्न

कॅमेऱ्यावर ओला रुमाल टाकला तर?
नागपूरच्या कोरड्या हवेत तो थोडा वेळ काम करतो, कूलरचे शास्त्र तेच. अर्ध्या तासात रुमाल वाळतो. मग कॅमेरा वाळलेल्या रुमालात गुंडाळलेला असतो.

शेजारी कांदा ठेवला तर?
ऊन लागू नये म्हणून कांदा खिशात ठेवायची आपल्याकडे रीत आहे. कॅमेऱ्याला खिसा नसतो. शिवाय संध्याकाळी गाडीला वास येतो.

तापलेला कॅमेरा फ्रिजमध्ये ठेवला तर?
बाहेर काढल्यावर भिंगाच्या आत वाफ धरते. उन्हाने जे साधले नाही ते पाण्याने साधेल, पण आपली अट मोडते.

आमच्याकडे चौकीदार आहे. मग पार्किंग मोड कशाला?
रास्त प्रश्न. मे महिन्यात दुपारी पार्किंग मोड बंद ठेवून गाडी चौकीदाराच्या नजरेसमोर लावणे हा सर्वांत साधा उपाय, म्हणून तो या मार्गदर्शिकेत कुठेही दिलेला नाही. त्यांच्या केबिनला पंखा आहे का, ते मात्र सोसायटीच्या पुढच्या बैठकीत विचारा. कॅमेऱ्याच्या तापमानावर आपण एवढे बोललो.

पाऊस सुरू झाल्यावर?
वाचलेले कॅमेरे वाचले. पुढच्या एप्रिलपर्यंत आमचे काम बंद.

वॉरंटीत बदलून मिळेल का?
मिळू शकेल. बिल आणि खोका घेऊन सर्व्हिस सेंटरला जावे. तिथे एसी असतो. २४ अंशांत तुमचा कॅमेरा पहिल्या फटक्यात सुरू होतो, गोड आवाजात स्वागत करतो, आणि काउंटरवरचा मुलगा तुमच्याकडे बघतो. त्याला म्हणावे, दुपारी अडीचला माझ्या गाडीत येऊन बस. तो येणार नाही. परत जाताना कॅमेरा डॅशबोर्डवर टाकावा, चालू करूनच.